तोईवो हॉलचं लाल निशाण

१

कपाट उघडलं तर आत नुसती काठी उभी होती. निशाण नव्हतं.

रविवारची सकाळ होती, आणि दुपारी दोन वाजता त्याच निशाणाखाली नेस्तोरी कोस्कीला मातीला न्यायचं होतं. नेस्तोरी म्हणजे कॅनडातल्या पाइन पोर्टेजच्या आमच्या फिनिश मंडळाचा शेवटचा उरलेला संस्थापक. त्याची शवपेटी काल सकाळीच आणून रंगमंचासमोर दोन बाकांवर ठेवली होती. शिवणमंडळाच्या बायका स्वयंपाकघरात गोड पावाच्या वेण्या भट्टीत सरकवत होत्या, वेलदोड्याचा वास सगळ्या हॉलभर होता. आणि मी, लेम्पी साल्मी, रिकाम्या कपाटासमोर तोंड वासून उभी होते.

मंडळ निघालं ते काही नाटकं करायला नव्हे, की सहकारी दुकान चालवायला नव्हे. ते सगळं मागाहून आलं. फार वर्षांपूर्वी लाकूडतोडीच्या तळावर झाडाखाली सापडून एक पोरगा मेला. मुकादमाने त्याला घोड्याच्या घोंगडीतसुद्धा न गुंडाळता खड्ड्यात लोटलं, आणि दुपारी सगळ्यांना कामावर हाकललं. तेव्हा नेस्तोरीने आणि त्याच्या सोबत्यांनी ठरवलं, की यापुढे आपला कोणी माणूस उघडा मातीत जाणार नाही. पहिली वर्गणी त्या लाल साटिनसाठी जमली. हॉल बांधला तो नंतर. मेलेल्यांसाठी निघालेल्या मंडळाने पुढे जिवंतांना नाचायला, भांडायला आणि कॉफी प्यायला जागा दिली, एवढंच.

"काय झालं गं? भूत दिसलं का?" मागून अध्यक्ष उर्होचा आवाज आला.

मी बाजूला सरले. उर्होने आत पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. मग त्याने हाक मारली ती थेट छपराला लागली.

"तौनो!"

तौनो हा आमचा राखणदार. हॉलमागच्या खोलीत राहतो, शेगड्या पेटवतो, बर्फ ओढतो आणि जमेल तेव्हा पितो. उत्तर आलं ते रंगमंचावरून. जंगलाचा रंगवलेला पडदा गुंडाळून ठेवला होता, त्याच्यामागून तौनो डोळे चोळत उठला. केसांत भुसा होता आणि अंगाला दारूचा वास.

"कालपासून इथेच पडलायस?" उर्होने विचारलं.

"दुपारपासून," तौनो म्हणाला. "अंघोळीलासुद्धा गेलो नाही."

शनिवारी फिनिश माणूस वाफेच्या अंघोळीला गेला नाही म्हणजे एक तर तो मेलेला असतो किंवा तौनो असतो.

"आत तू एकटा. निशाण गायब. साटिनचे पैसे चांगले येतात, नाही?" उर्हो शांतपणे बोलला, आणि तो शांत बोलतो तेव्हा ते वाईट असतं. "दोनच्या आत ते परत आलं नाही, तर माती झाली की तुझं गाठोडं बाहेर. ठराव मीच मांडतो."

तौनो केसांतला भुसा झटकू लागला. ऑक्टोबर संपत आला होता, सरोवराच्या कडेला बर्फाची साय धरू लागली होती. त्याला या खोलीखेरीज जगात कुठेही जागा नव्हती, आणि हे उर्होलाही माहीत होतं.

२

मी आमच्या नाटकांची प्रॉम्प्टर आहे. रंगमंचाखालच्या खोक्यात बसून इतरांची विसरलेली वाक्यं पुरवते. तिथून माणसांचे फक्त पाय दिसतात, त्यामुळे कोण आत आलं यापेक्षा कोण कसं बाहेर गेलं याची मला जास्त सवय. म्हणून बायकांची रडारड सुरू झाली तेव्हा मी पुन्हा कपाटाशी गेले.

निशाण काठीला कायमचं नसतं. मातीच्या दिवशी शिवणमंडळाच्या बायका टाके उसवून ते काठीपासून सोडवतात, पेटीवर घालतात, आणि परत आल्यावर पुन्हा शिवतात. मी काठीवरून बोट फिरवलं. सुरीची खूण नव्हती, तुटकी सुतं नव्हती. तळाशी एक पुठ्ठ्याचा तुकडा पडला होता आणि त्याच्यावर लाल दोरा नीट गुंडाळलेला होता. टाका न् टाका उसवून कुणीतरी अख्खा दोरा वाचवला होता.

"अध्यक्षसाहेब, एक विचारू?" मी उर्होला कोपऱ्यात गाठलं. "तुम्हीच म्हणाला होतात ना, की हे निशाण आता नको?"

"म्हणालो होतो आणि अजून म्हणतो." त्याने खिडकीकडे हात केला. पलीकडे रस्त्यावर पोलिसांची काळी गाडी उभी होती. हल्ली आम्हाला कम्युनिस्ट समजून आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला ती असते. "माझे नागरिकत्वाचे कागद ओटावात पडलेत, लेम्पी. लाल कापडामागून चालताना माझा फोटो निघावा अशी माझी इच्छा नाही. पण नेस्तोरीसाठी मी चाललो असतो. मनात असतं तर तोंडावर सांगून जाळलं असतं. चोरलं नसतं."

हे तो ज्या हाताने सांगत होता त्या हाताला अंगठा आणि दोन बोटं नव्हती. करवतीच्या गिरणीने ती कधीच नेली. त्याच्या बुटाच्या नाड्या बायको बांधते आणि तो ते कुणाला कळू देत नाही.

नेस्तोरीची मुलगी एल्वी काळे हातमोजे घालून पेटीजवळ बसली होती. ती बँकेत नोकरी करते, आणि बापाचा कडवा विरोध असूनही ती चर्चमध्ये जाते. ती हॉलमध्ये आली की बायकांचा आवाज खाली येतो.

"मलाच विचारायला आलीस ना?" ती म्हणाली. "साहजिक आहे. 'ते लाल फडकं बाबांवर घालू नका' असं मीच म्हणाले होते. बुधवारी, दवाखान्यात, सगळ्यांसमोर."

"घेतलंस का?"

"नाही. माझ्या बाजूने देव आहे, मला चोरी करायची गरज नाही." मग ती जरा नरमली. "खरं सांगू? शेवटच्या दिवशी बाबांनी मला खोलीबाहेर पाठवलं आणि शिवणमंडळाच्या सेल्मामावशींना आत घेतलं. दार लावून. स्वतःच्या मुलीला व्हरांड्यात बसवलं. तेव्हापासून मला निशाणाचं काही वाटेनासं झालंय."

"आज सकाळी दाराला झाडू लावलेला होता," मी सहज म्हटलं.

"मग? कुणी झाडत असेल." तिने खांदे उडवले.

मी तिच्याकडे पाहत राहिले, कारण तिच्या त्या उत्तराने माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता.

३

त्या झाडूचं असं झालं. सकाळी सगळ्यांच्या आधी मी आले तेव्हा हॉलच्या दाराला बाहेरून झाडू उभा टेकवलेला होता. मी तो बाजूला ठेवला आणि हाक न मारता आत शिरले. आमच्या रानातल्या घरांची ती जुनी रीत आहे. घरात कुणी नसलं की दाराला झाडू टेकवून जायचं. येणारा समजतो आणि परत फिरतो. कुलूप नाही, किल्ली नाही. गावात राहायला आलेल्यांनी कुलपं घेतली आणि ही रीत सुटली.

मी उर्होला हाताला धरून दारापाशी आणलं.

"हॉलला दारं किती?"

"दोन. काय पोरखेळ आहे?"

"मागचं दार?"

"त्याला हिवाळ्याच्या सरपणाची थप्पी लागलीय. माणूस काय, मांजर निघणार नाही."

"आणि खिडक्यांना थंडीची जादा तावदानं गेल्या आठवड्यातच ठोकली. म्हणजे राहिलं हे एक दार. तौनो आत झोपला होता हे तुम्हीच पाहिलंत. आता आत असलेला माणूस बाहेरून दाराला झाडू कसा टेकवेल?"

उर्होने दाराकडे पाहिलं, झाडूकडे पाहिलं.

"तो बाहेर जाऊन परत आला असेल."

"आला असता तर झाडू पडला असता. मी आले तेव्हा तो सरळ उभा होता. झाडू लावणाऱ्याला वाटत होतं की हॉल रिकामा आहे. त्याने आत हाक मारली असणार, आणि पडद्यामागे तौनो घोरत पडलेला. शनिवारी दुपारी सगळं गाव वाफेत बसलेलं, म्हणजे रिकामा असणारच. निशाण घेऊन निघताना त्याने शेजारधर्माने झाडू लावला. चोर असं करतो का कधी?"

"मग कोण करतो?"

"ज्याला आपण चोरी करतोय असं वाटत नाही तो. आणि दोरा ठेवून कापड नेणारा माणूस कापड परत आणून शिवणार असतो."

उर्हो पायरीवर बसला. "झाडूची रीत मलाही ठाऊक आहे, लेम्पी."

"पण टाके तुम्ही उसवू शकत नाही." मी त्याच्या हाताकडे पाहिलं नाही, आणि मी पाहिलं नाही हे त्याच्या लक्षात आलं. "एल्वी उसवू शकेल, पण तिला झाडू म्हणजे नुसता झाडू. ती गावात जन्मली, कुलपाच्या घरात. उरली एक शिवणारी बाई, जी अजून रानात राहते."

एवढ्यात स्वयंपाकघरातून कुणीतरी ओरडलं, "अहो, सेल्मामावशीला बोलवा ना कुणी! तिच्याकडे लाल कापड असेल, दोनपर्यंत काहीतरी शिवून देईल बिचारी."

उर्होने आणि मी एकमेकांकडे पाहिलं.

"सेल्मा?" तो म्हणाला. "फितुराची बायको?"

४

सेल्मामावशी शिवणमंडळाची पहिली बाई. निशाणाची पहिली किनार तिच्या हातची, आणि दर वसंतात उसवलेली झालर तीच नव्याने लावते. तिच्या नवऱ्याला, सुलोला, मात्र त्या निशाणाची सावलीही मिळाली नाही.

मी लग्न होऊन इथे आले त्याच्या आधीची ती गोष्ट. चौतीस सालच्या हिवाळ्यात मोठा संप चालू असताना सुलो गोठलेल्या सरोवरावरून कंपनीच्या तळाकडे निघाला, आणि मधेच बर्फ फुटून बुडाला. काढला तेव्हा पाठीला कुऱ्हाड आणि शिदोरी होती. संपात कुऱ्हाड घेऊन तळावर जाणारा माणूस कशाला जातो? संप मोडून कामाला. मंडळाने सभा घेतली, त्याचं नाव काढलं आणि निशाण नाकारलं. चर्च त्याने आधीच सोडलेलं होतं, तेव्हा तिकडेही जागा नाही. सेल्मामावशीने त्याला आपल्या घरामागे पुरलं. पुढच्याच गुरुवारी ती शिवणमंडळात येऊन बसली. "शिवणमंडळ मी काढलंय," म्हणाली, "मी का सोडू?"

एल्वीकडे मोटार होती. "मीही येते," ती म्हणाली. "त्या दाराआड काय झालं ते मला ऐकायचंय."

वाटेत ती एकदाच बोलली. "लेम्पी, समजा त्यांनीच घेतलं असेल. मग सूड म्हणायचा का?"

"सूड घेणारी बाई अठरा वर्षं झालर लावत नाही," मी म्हटलं, पण माझीही खात्री नव्हती.

सेल्मामावशीच्या दाराला झाडू टेकवलेला होता. एल्वी त्याच्यापाशी थबकली आणि मग माझ्याकडे वळली. घरात कुणी नव्हतं. आम्ही मागे गेलो.

बर्चच्या झाडाखाली, गळलेल्या पिवळ्या पानांवर, ते लाल निशाण लांबरुंद पसरलेलं होतं. चारही कोपऱ्यांवर धुतलेले दगड. शेजारी दूध काढायच्या तिवईवर सेल्मामावशी बसली होती, डोक्याला काळा रुमाल, हात मांडीवर. आम्हाला पाहून ती उठली नाही.

"आलात?" ती म्हणाली. "मला वाटलं सकाळीच याल. दोरा ठेवला होता की. शिवणमंडळाला कळायला नको?"

५

"मावशी, तौनोवर आळ आलाय," मी आधी तेच सांगितलं. "उर्हो त्याला आज बाहेर काढतोय."

आता ती उठली. "तौनोला? का? तो होता कुठे? मी दोनदा हाक मारली."

"पडद्यामागे झोपला होता."

"अगं बाई." ती मटकन पुन्हा बसली. "मला वाटलं, बोलतील ते मलाच बोलतील. त्याची सवय आहे."

एल्वी पुढे झाली. "बाबा तुम्हाला काय म्हणाले?"

"ते मेलं माझ्याजवळच राहू दे, पोरी. हे निशाण घ्या, घाला तुझ्या बापावर, आणि सेल्माने चोरलं म्हणून सांगा. तौनो सुटेल. का घेतलं ते नका सांगू. माणसाला मातीच्या दिवशी नागवं करू नये."

"मावशी, मी त्या दाराबाहेर बसले होते." एल्वीचा आवाज फाटला. "सख्खी मुलगी असून बसले होते."

सेल्मामावशी तिवईवरून पुढे वाकली. मग निशाणावर पडलेली पानं वेचत, आमच्याकडे न बघता, ती बोलली.

"सुलोला तुझ्या बापाने पाठवलं होतं. तळावर अजून वीसेक माणसं काम करत होती. त्यांना समजावून बाहेर काढायचं होतं. वाटेत कंपनीच्या माणसांनी हटकलं तर कामाला आलोय असं वाटावं, म्हणून कुऱ्हाड दिली. ती कुऱ्हाडही तुझ्या बापाचीच. दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. मग बर्फ फुटला."

"आणि सभेत?" मी विचारलं.

"सभेत नेस्तोरी गप्प बसला. तेव्हा संप भडकवला म्हणून माणसं पकडून बोटीत घालत होते, परत देशी, फिनलंडला. याची बायको नुकतीच वारलेली, ही पोर एवढीशी. बोलला असता तर हिला सोडून त्याला जावं लागलं असतं. म्हणून बोलला नाही. नंतर भीती गेली, पण मग लाज आली. बुधवारी म्हणाला, 'सेल्मा, मला उघडाच न्या. निशाण सुलोवर घाल.' मी घातलं. एक दिवस. उद्या शिवून ठेवणार होते."

मी सगळं कोडं सोडवलं होतं आणि मला त्याचा जराही आनंद झाला नाही. तौनोला वाचवायचं तर निशाण कुणी घेतलं ते सांगावं लागणार. तेवढंच सांगितलं तर फितुराची बायको चोर ठरणार. आणि सगळं सांगितलं तर ज्याच्यासाठी गाव रडतंय त्याची पेटी सगळ्यांसमोर काळी होणार. प्रॉम्प्टरला दुसऱ्याचं वाक्य पुरवता येतं, पण हे वाक्य माझं नव्हतं.

एल्वीने हातमोजे काढले. खाली वाकून तिने उघड्या हाताने निशाणाची सुरकुती सरळ केली.

"हे इथेच राहू दे," ती म्हणाली. "लेम्पी, चल. दोन वाजत आलेत."

६

हॉल खचाखच भरला होता. तौनो गाठोडं बांधून दाराशी उभा होता. कुणी सांगायच्या आधीच बांधलं होतं त्याने. उर्होने आमच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

एल्वी थेट पेटीपाशी गेली आणि पेटीवर हात ठेवून बोलली. चर्चवाली मुलगी तोईवो हॉलमध्ये पहिल्यांदाच बोलत होती.

"निशाण मिळालंय. ते सुलोवर आहे, आणि बाबांनीच ते तिथे घालायला सांगितलं." मग तिने सगळं सांगितलं. कुऱ्हाड, वीस माणसं, सभेतलं गप्प बसणं. मधे एकदा तिचा शब्द अडकला. मी सवयीने ओठ हलवले, पण तिला माझी गरज पडली नाही. "ते माझ्यासाठी गप्प बसले. म्हणून हे मीच सांगायचं. बाबा उघडे जातील. त्यांची तशीच इच्छा होती."

त्या सभेत हात वर केलेली निम्मी माणसं तिथे बसली होती. मागच्या बाकावरचा एक म्हातारा टोपी तोंडावर धरून रडू लागला. उर्हो दाराशी गेला, तौनोचं गाठोडं उचललं आणि स्वतः त्याच्या खोलीत नेऊन ठेवलं. परत येऊन म्हणाला, "शेगडी विझलीय तुझी. पेटव जा."

नेस्तोरीला आम्ही उघडंच नेलं. पाइनची नुसती पेटी, वर काही नाही. स्मशानातून कुणी घरी गेलं नाही. पुढे एल्वीची मोटार, मागे पायी सगळं गाव आणि सर्वांत मागे पोलिसांची काळी गाडी, असे आम्ही सेल्मामावशीच्या घरामागे पोहोचलो. ती तिवईवरच होती.

उर्होने टोपी काढली. पोलिसांच्या गाडीकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. मंडळात सगळं ठरावाने होतं, जन्म सोडून. त्याने घसा साफ केला.

"ठराव असा, की चौतीस सालचा निर्णय रद्द करून मंडळ सुलो हीतानेनला क्षमा करत आहे आणि त्याला सन्मानाने परत घेत आहे. अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत."

सगळे हात वर गेले.

"विरोधात कोणी?" हे तो नुसतं रीत म्हणून विचारतो.

एक हात वर झाला. सेल्मामावशीचा.

"मावशी?" उर्हो गोंधळला.

"क्षमा कुणी कुणाला करायची, उर्हो?" ती बसल्या जागेवरून म्हणाली. "त्याने काय केलं होतं?"

उर्होची मान खाली गेली. मग तो ओल्या मातीत गुडघ्यावर बसला आणि आपला तो तुटका हात सगळ्यांना दिसेल असा त्याने निशाणाच्या कडेवर ठेवला.

"ठराव दुरुस्त करतो," तो म्हणाला. "मंडळ सुलोची क्षमा मागत आहे. आणि सेल्माची. अनुकूल असतील त्यांनी."

पुन्हा हात वर गेले. एल्वी सभासद नव्हती, तिचाही गेला. गाठोड्याची दोरी अजून मनगटाला असलेल्या तौनोचाही गेला. आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. मोजून झालं तरी कुणी हात खाली घेईना. आमची माणसं बोलत नाहीत. त्यांना दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं.

सेल्मामावशीने सगळ्यांवरून नजर फिरवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"घ्या आता खाली," ती म्हणाली. "गारठलात सगळे. चला आत, कॉफी टाकते."